तळे खुले झाले, पाणी कोणाला?

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली एक ठराव केला आणि त्या ठरावाने चवदार तळे सर्वांस खुले झाले. त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झालेला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यांस करू द्यावा, असे त्यात म्हटले होते. कागदाकडे पाहावे तर काहीच कमी नव्हते. कायदेमंडळ म्हणाले खुले, नगरपालिका म्हणाली खुले. तरीही पुढची तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी गुराढोरांनी प्यावे आणि अस्पृश्याच्या ओंजळीत एक थेंबही येऊ नये, असेच चालले. तो थेंब आला २० मार्च १९२७ रोजी, परमपूज्य बाबासाहेब स्वतः तळ्यात उतरले तेव्हा. पुढे नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

हा इतिहास आपणांस मुखोद्गत आहे. मग तो आज पुन्हा का सांगावा? एवढ्याचसाठी की, आज शासनाने नवी तळी बांधली आहेत आणि त्यांच्या काठावर आमची मुले पुन्हा कोरड्या ओंजळीने उभी आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर, जातीच्या दाखल्याचा अर्ज संकेतस्थळावर. २०२५-२६ या वर्षापासून साऱ्या महाराष्ट्रातील अकरावीचे प्रवेशही संकेतस्थळावरूनच होऊ लागले. अभियांत्रिकीची दारे उघडणारी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आणि देशपातळीवरील जेईई मुख्य परीक्षा २०१९ पासून संगणकावर घेतल्या जातात. या प्रत्येक तळ्यावर पाटी आहे: सर्वांस खुले. महाडला तळ्याच्या वाटेवर लाठी घेतलेला माणूस दिसत होता. आज तसा कोणी दिसत नाही, आणि म्हणूनच आजचा अन्याय अधिक अवघड आहे. मुलगा परत फिरतो तेव्हा त्याला कोणी अडविले हे सांगता येत नाही. तो स्वतःलाच दोष देतो.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे: जो हक्क मुलाच्या हाताला लागत नाही, तो त्यास दिला असे मांडणे हा खोटा हिशेब होय.

आमच्या वकिलीच्या अनुभवातील एक प्रकरण सांगतो. एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्या कचेरीत आले. बाप गवंड्याच्या हाताखाली बिगारी काम करणारा, मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. महाविद्यालय म्हणत होते, पूर्ण फी भरा, नाहीतर परीक्षेचे प्रवेशपत्र मिळणार नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असताना फी कसली, असे आम्ही विचारले. उत्तर असे की, शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीसाठी परत आला होता, मुदतीत दुरुस्त झाला नाही, म्हणून बाद झाला. त्रुटी कोणती? उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत पुसट होती. मग ही गोष्ट मुलास का कळली नाही? कळविले होते, मोबाईलवर संदेश गेला होता! तो मोबाईल कोणाचा? अर्ज भरावयाच्या वेळी त्या घरात एकच साधा फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला होता. म्हणून तालुक्याच्या गावी ज्या नेटच्या दुकानात दोनशे रुपये देऊन अर्ज भरून घेतला, त्या दुकानदाराने आपलाच क्रमांक टाकून दिला. परवलीचा आकडा त्याच्या फोनवर, त्रुटीचा संदेश त्याच्या फोनवर. त्याच्याकडे असे शेकडो अर्ज. त्याने तो संदेश वाचलाही नसेल.

आम्ही पत्रव्यवहार केला, नोटीस दिली. परीक्षेचे प्रवेशपत्र मिळाले. त्या वर्षाची शिष्यवृत्ती मात्र गेली ती गेलीच, आणि फी बापाने उचल घेऊन फेडली. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झालेली ही शिष्यवृत्ती. तिचा लाभ त्या मुलास कोणी नाकारला? महाविद्यालय म्हणते आम्ही नाही, खाते म्हणते आम्ही नाही, दुकानदार तर म्हणणारच नाही. अपराधी कोणी नाही, पण शिक्षा झाली. या प्रकारास यंत्रणेतील दोष म्हणून सोडून देण्यास आम्ही तयार नाही.

एका मुलाची गोष्ट म्हणजे सर्वांची गोष्ट नव्हे, असा आक्षेप येईल. तेव्हा आकडे पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भागातील १०० कुटुंबांपैकी सुमारे ४ कुटुंबांत संगणक आढळला, शहरांत सुमारे २३ कुटुंबांत. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के कुटुंबांस होती, शहरांत ४२ टक्के. देशाची स्थिती ही असताना २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि सांगण्यात आले की, शाळा बंद पण शिक्षण चालू आहे. कोणाचे चालू होते? ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आदींनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधून सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातील अवघी ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. त्यातही जात पाहिली तर ग्रामीण दलित व आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के, इतर मुलांत १५ टक्के. वाचकहो, ही सर्व मुले गरीब वस्त्यांतीलच होती. गरिबी सारखी असतानाही जातीने आपला वाटा वेगळा काढून घेतलाच. यंत्राला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आता आपल्या प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. त्यांचा पहिला मुद्दा असा की, ही सारी जुनी गोष्ट झाली, आता झोपडीतही मोबाईल आहे. यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. ‘असर’ २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. परंतु घरी असणे आणि हाती असणे यांत अंतर आहे. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे सुमारे ३६ टक्के, मुली सुमारे २७ टक्के. बाकीच्यांना तो बाप कामावरून परत आल्यावर, भावाचे झाल्यावर, आणि रिचार्ज शिल्लक असेल तर मिळावयाचा. शिवाय हाताच्या पंजाएवढ्या काचेवर निबंध लिहिता येत नाही, हिशेबाचा तक्ता मांडता येत नाही आणि प्रवेश परीक्षेचा सराव होत नाही. परीक्षा संगणकावर आहे. ज्याच्या घरी तो आहे त्याला प्रश्न तेवढा सोडवावयाचा असतो. ज्याने माऊस प्रथम परीक्षा केंद्रावरच हाती धरला, त्याला प्रश्नाआधी यंत्र सोडवावे लागते, आणि घड्याळ दोघांसाठी सारख्याच वेगाने चालते. मग निकालाच्या दिवशी या फरकाला ‘गुणवत्ता’ असे नाव देतात!

त्यांचा दुसरा मुद्दा असा की, मोबाईलने मुले बिघडतात, तेव्हा गरिबाची मुले त्यापासून दूर आहेत हेच बरे. हा उपदेश बहुधा अशा घरांतून येतो, जेथे प्रत्येक मुलाच्या टेबलावर लॅपटॉप आहे. तरीही हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्याच ‘असर’ अहवालात असे आढळले की, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ७६ टक्के मुलांनी त्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला आणि अभ्यासासाठी ५७ टक्के मुलांनी. म्हणजे नुसते यंत्र हाती दिल्याने विद्या येत नाही, हे खरेच आहे. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? यंत्र देऊ नका, हा निघत नाही. यंत्राबरोबर शिक्षक द्या, हा निघतो. विहिरीत पडण्याचे भय आहे म्हणून पाणी बंद करीत नाहीत, कठडा बांधतात. आणि येथेच आम्ही शासनासही बजावतो की, पडदा हा शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. शिक्षकाची रिकामी जागा न भरता भिंतीवर दूरचित्रवाणी टांगून डिजिटल शाळा झाल्याचा फलक लावणे, ही आमच्या मुलांची फसवणूक आहे.

तिसरा मुद्दा पैशाचा. प्रत्येक वेळी आमच्या मुलांची पाळी आली की तिजोरी रिकामी होते, हा तर जुनाच अनुभव! पण या बाबतीत तेही म्हणता येत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातील ५ टक्के रक्कम दुर्गम व ग्रामीण भागांत सेवा पोहोचविण्याच्या निधीसाठी घेतली जाते. हा सार्वत्रिक सेवा निधी २००२ पासून आहे. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपनी हे पैसे कोठून आणते? तुमच्या आमच्या रिचार्जमधून. म्हणजे तो बिगारी बाप या निधीत दरमहा आपली भर टाकतोच. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती की, सरकारचा महसूल येतो राबणाऱ्या रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरील खर्च होतो वरच्या वर्गांवर. या निधीतून अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तार ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आली म्हणजे ती शाळेच्या बाकापर्यंत आली असे होत नाही. शासनाच्याच यूडायस प्लस अहवालाप्रमाणे २०२४-२५ साली देशातील सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक होते आणि सुमारे ६३ टक्के शाळांत इंटरनेट. याचा अर्थ, दर तीन शाळांपैकी एक शाळा अजून अंधारात आहे. ती शाळा कोणत्या वस्तीची असेल, हे काय सांगावयास पाहिजे?

आता कायद्याकडे वळू, कारण हक्काची भाषा बोलावयाची तर ती कायद्याच्या आधाराने बोलली पाहिजे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. वसतिगृहात संध्याकाळी फोन वापरण्यास बंदी होती, तिने ती मानली नाही, म्हणून तिला काढून टाकण्यात आले होते. न्यायालयाने म्हटले की, इंटरनेट वापरण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या अधिकाराचाच भाग आहे, आणि तिला परत घेण्याचा आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०२० रोजी ठरविले की, शाळा समोरासमोरचे ऑनलाइन वर्ग घेत असेल तर दुर्बल घटकांतील मुलांना साधन व इंटरनेट पुरविले पाहिजे. एकाच वर्गातील मुलांना साधनाअभावी वेगळे पाडणे हा भेदभाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या आदेशास स्थगिती दिली हे खरे. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने या दरीचे दुष्परिणाम मान्य करून दिल्ली व केंद्र शासनास योजना आखण्यास सांगितले. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी, अपंग व ॲसिड हल्ल्यातील पीडितांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा अंगभूत भाग असल्याचे सांगितले.

निकाल मोलाचे खरे, पण निकालावर विसंबून बसू नये, हे महाडने आपणांस शिकविले आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याचे कलम ३ सांगते की, ज्या शुल्कामुळे वा खर्चामुळे मुलाचे प्राथमिक शिक्षण अडेल, असा कोणताही खर्च मुलावर पडता कामा नये. शाळा जर अभ्यास फोनवर पाठवीत असेल, तर रिचार्जचा खर्च हा असा खर्च नव्हे काय? याच अधिनियमाला एक अनुसूची जोडलेली आहे. शाळेत काय काय असलेच पाहिजे, हे ती सांगते: वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, ग्रंथालय. संगणक व इंटरनेट यांचा तीत उल्लेख नाही. परंतु कलम २० प्रमाणे केंद्र शासन केवळ अधिसूचना काढून या अनुसूचीत भर घालू शकते. त्यासाठी संसदेत नवे विधेयक नको, घटनादुरुस्ती नको. एक सही पुरे आहे. सगळी सरकारी कामे संकेतस्थळावर नेण्यासाठी ज्यांच्या लेखणीत शाई होती, त्यांची लेखणी नेमकी येथेच का सुकावी?

तेव्हा आमच्या मागण्या येणेप्रमाणे आहेत. कलम २० खाली अधिसूचना काढून चालू स्थितीतील संगणक व इंटरनेट ही प्रत्येक शाळेची अनिवार्य सोय ठरवावी. चौदा वर्षांवरील मुलांस हा अधिनियम लागू नाही, म्हणून अनुच्छेद ४६ चे स्मरण ठेवून राज्य शासनाने शिष्यवृत्तीचा व प्रवेशाचा अर्ज कागदावर देण्याची वाटही खुली ठेवावी, आणि ऑनलाइन अर्ज विद्यार्थ्याच्या समक्ष विनामूल्य भरून देणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य ठरवावे. अर्जात त्रुटी निघाल्यास लेखी कळविल्यावाचून तो बाद करू नये. संगणकावर परीक्षा घ्यावयाची असेल तर प्रत्येक तालुक्यात त्या यंत्रावर मोफत सरावाची सोय आधी करावी, परीक्षा मागाहून घ्यावी.

शासनाला सांगून झाले. आता थोडे आपल्याच घरात डोकावू. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची गोष्ट सांगितली. त्या मापाने आपण स्वतःस मोजून पाहावे. घरात एक फोन असेल तर तो मुलाच्या हाती जातो आणि मुलगी भांडी घासून झाल्यावर तो मागते. तेव्हा तिला ‘तुला काय करावयाचा?’ असे विचारणारा बाप आपल्याच वस्तीत राहतो. तळ्याच्या काठावरून आम्हांस हाकलणाऱ्यांचा निषेध करावयाचा आणि घरातील तळ्यावर बहिणीला मागे उभे करावयाचे, हे शोभत नाही. तसेच जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीत ध्वनिक्षेपकांवर जो पैसा उडतो, त्यातून वस्तीच्या विहारात दोन संगणक आणि एक कपाट पुस्तके येऊ शकतात. शिकलेल्या तरुणांनी आठवड्याची एक संध्याकाळ तेथे द्यावी, अर्ज भरून द्यावेत, माऊस धरावयास शिकवावे. त्याला सरकारची परवानगी लागत नाही.

आणखी एक हत्यार आपल्या हाती आहे, ते आपण वापरीत नाही. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आपल्यापैकी किती जणांनी या समितीची सभा पाहिली आहे? किती माता कोऱ्या कागदावर अंगठा वा सही देऊन परत आल्या आहेत? पुढच्या सभेला जा. संगणक किती, चालू किती, इंटरनेट आहे की नाही, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली अर्ज करा. संगणकाची व इंटरनेटची मागणी विकास आराखड्यात लिहून घ्या. मुलाचा हक्क डावलला जात असेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्यावाचून कचेरी सोडू नका, हा वकिलाचा सल्ला समजा.

वाचकहो, १९२४ चा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता, कारण तो वापरून पाहण्यास कोणी गेले नव्हते. तो जिवंत झाला तो माणसे चालत तळ्यापर्यंत गेली तेव्हा. आजचे तळे दिसत नाही, त्याच्या पायऱ्या दिसत नाहीत; पण वाट आपल्या वस्तीतूनच जाते. ती शाळेच्या सभेतून, महाविद्यालयाच्या खिडकीपासून, कचेरीच्या पोचपावतीवरून जाते. त्या वाटेने आपण चालू लागलो नाही, तर पाट्यांवर ‘सर्वांस खुले’ असेच लिहिलेले राहील आणि आमची मुले ती पाटी वाचून घरी परत येत राहतील.